ड्रायव्हरसकट हजार किलो

मागचं सीट बोल्ट खोलून बाहेर आलं तसं पंढरीकाकांनी ते दोन्ही हातांवर घेतलं, जरा वर-खाली केलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "सव्वीस. वर अर्धा असंल. जास्त नाय."

कृतिकाला हसूच आलं. म्हणजे काय, माणूस आहे का मशीन? तिने ते सीट कसंबसं ओढत नेऊन काट्यावर ठेवलं. लाल आकडे थरथरले, थरथरले, थांबले. सव्वीस पॉइंट सहा.

"काका! कसं काय?"

"शंभर ग्रॅम चुकला," काका म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं. चेहरा असा पडलेला जसं काही कुणाचं नुकसानच केलं त्यांनी.

कृतिका बघतच राहिली. त्या दिवसापासून ती पंढरीकाकांकडे जी बघत राहिली ती राहिलीच.

वागळे इस्टेटमधला तो गाळा म्हणजे चार पत्रे आणि एक शटर. आत एक गाडी मावेल, आणि गाडीच्या बाजूने पोट आत ओढून एक माणूस जाईल, बस्स. ना बोर्ड, ना एसी, ना गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची. आणि डोंबिवलीची कृतिका सावंत, घोडबंदर रोडला एका ऑफिसात नोकरी करणारी चांगली शिकलेली मुलगी, स्वतःची हप्त्यावरची गाडी तिथे खोलायला देऊन एका उलट्या बादलीवर बसलेली. आईला कळलं असतं तर आईने त्याच बादलीने हाणलं असतं.

गाडी तशी आपली नेहमीचीच. सोसायटीत आठ जणांकडे असते ना, तीच. पण कृतिकाची म्हणजे टर्बोवाली. जोरदार इंजिन, मागे लाल रेघ, मोठी काळी चाकं, आणि वर सनरूफ, सहा स्पीकर, एक डब्बा वूफर, सगळं. टॉप मॉडेल. ही गाडी घेऊन ती रोज घोडबंदर रोडच्या जॅममध्ये पायी चालणाऱ्या माणसाच्या स्पीडने जायची. बाजूने बिस्किटवाला पुढे निघून जायचा. टर्बो बिचारा आत झोपलेला असायचा.

मग ऑफिसातल्या दीप्तीने एका रविवारी तिला कल्याणच्या पुढे, पडघ्याकडे नेलं. तिथे गोदामांचं एक मोठं सिमेंटचं आवार आहे, सुट्टीच्या दिवशी रिकामं. तिथे पोरं प्लास्टिकचे केशरी कोन मांडतात, नागमोडी रस्ता बनवतात, आणि एकेक गाडी घड्याळ लावून त्यातून सोडतात. ऑटोक्रॉस म्हणतात त्याला. रेस अशी नाही, शेजारी कुणी नसतं, फक्त तुम्ही आणि सेकंद. कृतिकाने बघितलं आणि संपलंच. पुढच्या महिन्यात नाव दिलं. सोळा गाड्यांत चौदावी आली. पंधराव्याची गाडी बंद पडलेली आणि सोळावा आलाच नव्हता.

रडत रडत ती मितेशकडे गेली. मितेशचं वर्कशॉप घोडबंदर रोडलाच, काचेचं दार, पांढऱ्या टाइल्स, गाड्या अशा उभ्या जसं ज्वेलरचं दुकान. मितेश माणूस वाईट नाही, उलट भारीच आहे, स्वतः पण ऑटोक्रॉसला उतरतो, पण त्याची यादी ऐकून कृतिका मनातल्या मनात गाडीचे राहिलेले हप्ते मोजायला लागली.

"मॅडम, कार्बनचं बॉनेट टाकू. नऊ किलो वाचतात. ऐंशी हजार. मग फोर्ज्ड व्हील्स, त्याचे वेगळे."

"नऊ किलोला ऐंशी हजार?"

"हलकं व्हायचं तर पैसे लागतात. जिमला पण लागतात ना?"

तेवढ्यात मागून आवाज आला, हळूच, जसं कुणी स्वतःशीच बोलतंय. "डिकीतली स्टेपनी न् जॅक मिळून सोळा किलो हाय. ती तर फुकट निघते."

मागे एक काळासावळा, बारीक, सत्तावन्न-अठ्ठावन्नचा माणूस उभा, हातात अ‍ॅल्युमिनियमचा वाकवलेला पत्रा. मितेशची पत्र्याची कामं करून द्यायचा तो. पंढरी भोईर.

मितेश खो खो हसला. "हे आमचे काका. लोक गाडीत सामान टाकतात, काका गाडीतून रद्दी काढतात. जा मॅडम, काकांकडे जा, ते तुम्हाला दरवाजे पण काढून देतील!"

आणि कृतिका खरंच गेली. वेडीच ना ती.

पंढरीकाकांचं म्हणणं एकदम साधं होतं. "बग पोरी, कंपनीनं तुना इंजिन दिलं घोड्याचं. आन मग त्या घोड्यावर चढवला सोफा, टीव्ही, पंखा. मोठी चाकं दिली दिसायला. साध्या मॉडेलची चाकं तुझ्या चाकांपेक्षा सव्वादोन किलोनं हलकी हायत. एका चाकाला. तू जास्त पैसे देऊन ओझं घेतलंस."

कृतिकाला हे कधी सुचलंच नव्हतं. महाग मॉडेल म्हणजे फास्ट मॉडेल, एवढंच माहीत. आणि इथे हा माणूस सांगतोय की स्वस्त मॉडेलची चाकं महाग मॉडेलला लावली की महाग मॉडेल जास्त पळेल! कुर्ल्याला भंगारात जाऊन काका ती चार चाकं घेऊन आले पण. प्रत्येक चाक उचलून बघितलं, सात चाकं नाकारली. दुकानदार म्हणे, "चाचा, शादी करनी है क्या इनसे?"

हे हातांचं कुठून आलं, ते कळायला कृतिकाला तीन रविवार लागले, कारण काका स्वतःबद्दल बोलतच नाहीत. विचारलं की पाना शोधायला लागतात. काकांची आई कमळाबाई, ती मिठबंदरच्या बाजूला मिठागरात कामाला. डोक्यावर पाटी भरून मीठ, दिवसभर. मुकादमाचा काटा नेहमी मुकादमाच्याच बाजूचा. तर कमळाबाई काय करायची, पाटी उचलली की आधी आपल्या मानेला विचारायची, मग पोराला बोलवायची, "उचल रं, किती हाय सांग." सात वर्षांचा पंढरी सांगायचा. मग ती मुकादमापुढे उभी राहून तो आकडा म्हणायची आणि हलायचीच नाही. मुकादम शिव्या द्यायचा, पण दुसऱ्यांदा तोलायचा.

मग मिठागर गेलं, पंढरी वागळे इस्टेटला कंपनीत लागले, डिस्पॅचला. सत्तावीस वर्षं तोलत राहिले. खोके, पिंप, लोखंड. कंपनी बंद झाली तेव्हा बाकीच्यांनी खुर्च्या, कपाटं, पंखे उचलले. पंढरीकाकांनी चार इलेक्ट्रॉनिक काटे विकत घेतले. पाचशे-पाचशे किलोचे. घरच्यांनी डोक्याला हात लावला. ह्या काट्यांचं करायचं काय? लोणचं घालायचं?

पण चार काटे म्हणजे चार चाकं ना! काकांनी गाडी लाकडाच्या उतारावरून हळूच चढवली, एकेका चाकाखाली एकेक काटा, आणि कृतिकाला म्हणाले, बस आत. ती बसली. चार ठिकाणी चार आकडे पेटले. तिने मोबाईल घ्यायला जरासं डावीकडे वळून बघितलं, आणि बाहेरून आवाज, "डावीकडं झुकलीस. सरळ बस." अरे! नुसतं झुकलं तर पुढच्या डाव्या चाकावरचा आकडा बदललेला. कृतिकाच्या अंगावर काटाच आला. दोन वर्षं ती ही गाडी चालवत होती आणि गाडीला तिचं मान वळवणंसुद्धा कळत होतं, आणि तिला माहीतच नव्हतं!

आता नियम काय होता ते ऐका. तिच्या गटात गाडीतून जवळपास काहीही काढायला परवानगी. पण गाडी, पेट्रोल आणि ड्रायव्हर मिळून काट्यावर हजार किलोच्या खाली गेलं की बाद. सुरुवातीला कृतिकासकट गाडी भरलेली अकराशे दहा. म्हणजे एकशे दहा किलोचा खेळ.

पंढरीकाकांची पद्धत ठरलेली. आधी जे फुकट निघतं ते. मागचं सीट, शेजारचं सीट, स्टेपनी, जॅक, खालचं कार्पेट, त्याखालची आवाज दाबणारी जाड शीट. मग जे थोडक्यात होतं ते, म्हणजे चाकं. आणि शेवटी जिथे जीव दुखतो ते.

जीव सनरूफपाशी दुखला. "ते नाही हं काका. आईला ते लय आवडतं. टेंभी नाक्याला देवीच्या वेळी ती त्यातून डोकं काढून बघते."

"आईला बसवायचंच हाय. काच मी जपून काढनार, सोमवारी परत. पन रविवारी ती वर नको. छपरावर ओझं म्हंजे डोक्यावर हंडा घेऊन फुगडी." त्यांनी एक पातळ पत्रा इतका मापात ठोकून बनवला की काचेच्या जागी टक्कन बसला. तेरा किलो गेले, तेही सगळ्यात उंचावरचे.

आणि जेव्हा कृतिका स्वतःच जोशात आली, की काका एसी पण काढू, अठरा-वीस किलो जातील, तेव्हा काका म्हणाले नाय. "एसीचा गॅस सोडायचा, परत भरायचा, दर टायमाला खर्च. आन एक पाइप नीट नाय बसला तर सोमवारी घरची मानसं उकडतील. जे काढून परत बसवता येत नाय ते काढायचं नाय." ह्या माणसाला प्रत्येक किलोची किंमत माहीत होती. आणि किंमत म्हणजे नुसते पैसे नव्हेत, हे कृतिकाला तिथे उलट्या बादलीवर बसून कळलं.

एकाच गोष्टीवरून दोघांचं वाजलं. एक दांडा. मागची सीटं काढल्यावर गाडीचा मागचा भाग पोकळ होतो, तर मागच्या दोन चाकांच्या वर, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत एक स्टीलचा दांडा बोल्ट करायचा, म्हणजे गाडी वळणावर पिळत नाही. काकांनी स्वतः बनवलेला. चार किलो दोनशे. लावला आणि परत काढला.

"राहू दे ना काका. दांड्याशिवाय वळणावर मागून गाडी ढिली लागते मला."

"दांड्यासकट हजार सात. काढल्यावर हजार तीन. चार किलो फुकटचे कशाला वाहायचे?"

"मग ते तीन कशाला ठेवलेत वर?"

"तीन रन. दीड किलो पेट्रोल जळंल. तुझा पाऊन किलो घाम निघंल. शेवटच्या रननंतर परत तोलतात."

घाम! घामाचा पण हिशोब! तरी कृतिकाला मनातून पटलं नव्हतं. "पण मला जाणवतं ना काका, चालवताना."

"तुना जानवतं. काटा दाखवतो." विषय संपला.

हे सगळं दोघांनी इतकं जिवाला लावून घेतलेलं त्याला कारण होतं. गाळ्याच्या जागी टॉवर होणार होता. दिवाळीपर्यंत सगळ्यांनी खाली करायचं. काकांना दुसरा गाळा परवडण्यातला नव्हता. ते कुणाला बोलले नाहीत, पण मितेशला कळलंच, आणि मितेश एकदा पत्रा घ्यायला आला तेव्हा उघडी गाडी बघत म्हणाला, "काका, पुढच्या ऑटोक्रॉसला ह्या गाडीला पहिल्या तिघांत आणा. माझ्याकडे गाडी चढवून काम करायचा एक रॅम्प तुमचा. पगारासकट. नाही आणलीत, तर मग पत्रेच वाकवा."

"जबान?" काका म्हणाले.

"जबान."

कृतिकाला त्या रात्री झोपच नाही आली. चौदावीवरून तिसरी! आणि आता नुसती तिची हौस नव्हती, एका माणसाचे हात कुठे जाणार हा प्रश्न होता. असे हात घरी बसवायचे?

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी शेवटचं वजन झालं. हजार तीन. बरोब्बर. काकांनी खडूने भिंतीवर लिहिलं, गाडीत सगळं परत बसवलं. मग नवरात्र. शर्यत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी. मधे एकदा परत तोलायचं ठरलेलं, शनिवारी. पण शनिवारी दसरा. काकांनी काट्यांची पूजा मांडलेली, चारही काट्यांवर हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं. पूजेतल्या काट्यावर त्या दिवशी काही चढवायचं नाही, कंपनीत असल्यापासूनचा नियम. "कशाला पायजे? आकडा तर लिवलाय," काका म्हणाले. कृतिकाने पण हात जोडले आणि घरी गेली.

रविवारी सकाळी साडेसहाला पडघ्याच्या त्या आवारात दोघांनी ताडपत्री पसरली आणि दीड तासात गाडी सोलली. सीटं, स्टेपनी, वूफर, कार्पेट, ओळीने मांडलेलं, जसं घर बदलतंय कुणी. येणारे-जाणारे फोटो काढत होते. मितेश त्याच्या लाल गाडीपाशी टेकून चहा पीत बघत होता.

मग तपासणी. कृतिका हेल्मेट घालून बसली, गाडी काट्यावर चढली. तपासणारे एक जाडसर, शांत गृहस्थ, त्यांनी आकडा वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला.

"नऊशे अठ्ठ्याण्णव पॉइंट पाच. दीड किलो कमी आहे ताई."

"काय?"

"कमी आहे. हजार पाहिजे. असं नाही सोडता येणार."

पंढरीकाका पुढे आले, वाकून आकडा बघितला. त्यांचा चेहरा असा झाला की कृतिकाला तो बघवेना. सत्तावीस वर्षांत जो माणूस शंभर ग्रॅम चुकला तर उदास होतो, तो साडेचार किलो चुकलेला. त्यांनी बंपरला हात लावला, चाकाला लावला, आतल्या उघड्या पत्र्यावर थापटलं, जसं काही गाडीतून चोरी झालीये. मग एकदम थांबले. कृतिकाकडे बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत.

"गो पोरी. नऊ दिस काय खाल्लंस?"

"उपास होते ना काका. ताक, शेंगदाणे, एखादं केळं..."

"नऊच्या नऊ?"

"आणि रोज गरबा."

काका ताडपत्रीवरच्या स्टेपनीवर मटकन बसले. "आई एकवीरे," ते म्हणाले, "गाडी तोलली, पेट्रोल तोललं, घाम तोलला... उपास नाय तोलला!"

मागून मितेश ओरडला, "काका, मॅडमला चार वडापाव द्या, पळतील!" सगळे हसले. कृतिकाला एक क्षण वाटलं आता रडूच येणार, भडभडून.

तपासणारे म्हणाले, "पंचवीस मिनिटं आहेत. वजन वाढवा, हरकत नाही. पण बोल्टने घट्ट बसलेलं पाहिजे. सुटं काही चालणार नाही."

"पेट्रोल?" कृतिका म्हणाली.

"पंप हायवेला. जाऊन येईस्तोवर संपलं," काका म्हणाले. "पानी प्यायलीस दीड लिटर तर जेमतेम हजार भरंल. मग शेवटच्या टायमाला परत खालीच. आन पोटात एवढं पानी घेऊन वळनार कशी?" ते इकडे-तिकडे बघायला लागले, एखादा लोखंडाचा तुकडा, एखादी प्लेट, काहीतरी. हाताला लागेल ते न तोलताच बाजूला टाकत होते. असं न तोलता टाकताना कृतिकाने त्यांना पहिल्यांदा बघितलं.

"काका," ती म्हणाली, "ओरडू नका हं."

ती ताडपत्रीच्या टोकाला गेली, कार्पेटची गुंडाळी सोडली. आत तो दांडा. काल पूजेहून निघताना तिने तो गुपचूप उचलून आणलेला. न विचारता. का, ते तिलाही सांगता आलं नसतं, फक्त तो मागे ठेवून जायला पाय उचलत नव्हता.

पंढरीकाका दांड्याकडे बघत राहिले. मग कृतिकाकडे. ओरडले नाहीत. दांडा दोन्ही हातांवर घेतला, आणि हळूहळू त्यांच्या तोंडावर जे आलं ना, ते बघायला पाहिजे होतं!

"चार दोनशे," ते पुटपुटले. "नऊशे अठ्ठ्यान्नव पाच... हजार दोन सातशे." मग मोठ्याने, "अगं, तू हलकी झालीस म्हंजे गाडीला चार किलो बक्षीस मिळाले! कुठं बी लोखंड टाकन्यापरीस हे टाकायचं, जितं कामाला येतंय. तू सांगत व्हतीस न् मी ऐकलं नाय. पाना दे. चोर कुठली!"

आठ बोल्ट, अकरा मिनिटं. परत काट्यावर. हजार दोन पॉइंट सात. तपासणाऱ्यांनी सही केली आणि न राहवून विचारलं, "तुम्ही हे मनात काढलंत?"

पहिला रन कृतिकाने वाया घालवला. घाबरून एक कोन उडवला, दोन सेकंद दंड. दुसऱ्याला ती सुटली आणि तिसऱ्या वळणावर तिला कळलं. गाडी मागून ढिली नव्हती. पुढचं चाक वळलं की मागचं त्याच्या मागोमाग, एकाच तुकड्यासारखं, जसं तिने मनात आणलं आणि गाडी आधीच तिथे. ती हेल्मेटमध्ये हसायलाच लागली! हीच गाडी? जी रोज मानपाडा जंक्शनला बिस्किटवाल्याच्या मागे उभी असते, तीच? ह्या गाडीच्या आत हे सगळं आधीपासून होतं, फक्त वर इतकं सामान रचलेलं की दिसत नव्हतं. आणि ते बघायला ह्या एका माणसाने डोळे मिटले होते.

अठ्ठावन्न पॉइंट नऊ. चौथी.

तिसऱ्या रनला ऊन चढलेलं, ऑक्टोबरचं, सिमेंट तापलेलं, एसी बंद. कृतिकाच्या डोळ्यांत घाम जात होता. शेवटचं वळण तिने इतक्या जवळून काढलं की कोन हलला. हलला, डुलला, आणि उभा राहिला. अठ्ठावन्न पॉइंट तीन. तिसरी. चौथ्यापेक्षा आठ शतांश सेकंदाने!

ती दार उघडणार, तेवढ्यात काका धावत आले. "उतरू नको! सीधी काट्यावर!" तिने बाहीने कपाळ पुसायला हात वर केला तर ते किंचाळलेच, "पुसू नको! घाम पुसू नको! रुमालाला लागला तर रुमाल पन आत टाक! ते वजन हाय!"

आजूबाजूची पोरं हसून लोळायच्या बेताला आली. पण कृतिका पुतळ्यासारखी बसली. घाम नाकावरून ओघळत मांडीवर पडत होता आणि ती मनात म्हणत होती, पड बाबा, इथेच पड, बाहेर जाऊ नको.

गाडी काट्यावर चढली. आकडा हजार एक दाखवून खाली घसरला. हजार. नऊशे नव्व्याण्णव पॉइंट आठ. कृतिकाने श्वास धरला. नंतर तिला वाटलं श्वासाचंही वजन असतं का, म्हणून सोडायची पण भीती वाटत होती. पंढरीकाका आकड्याकडे बघत नव्हते. ते गाडीकडे बघत होते, डोळे मिटून, हात जरासे पुढे, जसं काही ती हातांवर घेतलीये.

"हजार," ते म्हणाले, "आन वर तीनशे ग्रॅम."

आकडा हलला. वर आला. थांबला.

हजार पॉइंट चार.

"शंभर ग्रॅम चुकला काका," कृतिका आतून ओरडली आणि मग मात्र ती रडलीच, हेल्मेट घालूनच, हमसून हमसून, आणि काका बाहेरून काचेवर थापा मारत होते, "आता रड! आता सही झाली, आता किती बी रड!"

मितेश आला. तो दुसरा आलेला, त्या लाल गाडीत, जिच्यात कार्बनचं बॉनेट होतं, फोर्ज्ड व्हील्स होती, सगळं होतं. कृतिकाच्या आणि त्याच्या टाइममध्ये पाऊण सेकंदाचा फरक आणि पाच लाखांचा. त्याने आत वाकून तो दांडा हलवून बघितला.

"बोललेलो ना काका. रॅम्प तुमचा. सोमवारी या."

"मंगळवारी येतो," काका म्हणाले. "हिचं सगळं परत बसवायचं हाय."

मितेश मान हलवून निघाला, दोन पावलं गेला आणि परत वळला. जरा लाजल्यासारखा. "काका... माझ्यातून किती निघेल?"

पंढरीकाका त्या लाल गाडीपाशी गेले. हात पँटला पुसले. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, आणि नुसतं दोन बोटांनी झुलवलं. एकदा. दोनदा. आजूबाजूचा गोंगाट चालूच होता, पुढच्या गटाची गाडी सुटलेली, पण कृतिकाला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

"दारात दोन स्पीकर, जाड वायर, आन कंपनीचं रबर तसंच ठेवलंयस," काका म्हणाले. "एका दाराचे तीन किलो आठशे. फुकट. कृतिका, दहाचा पाना आन बघू."

मितेशने पटकन मोबाईल काढला आणि आकडा लिहून घेतला.